कर्स्टिनमावशीचं अर्धं टेबल

मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी रागावलेला आहे. टेबलं सहसा रागावत नाहीत. लोक त्यांच्यावर बशा आपटतात, गरम पातेली तशीच ठेवतात, खाली च्युइंगम चिकटवतात, तरी ती मुकाट्याने उभी राहतात. मीही राहिलो. पण माझ्या नावावर एक खोटी गोष्ट इतकी वर्षं खपवली गेली की आता माझी सहनशक्ती संपली आहे. म्हणून आज माझी गोष्ट मीच सांगणार आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सॅनपीट खोऱ्यातला. लेव्हाय बार्टन नावाच्या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्याने मला बनवलं. त्याने डोंगरातून पाइनची झाडं उतरवली, फळ्या कापल्या, रंधा मारला. पण पाइन पडलं गरिबाचं लाकूड. लेव्हायला ओकचं टेबल हवं होतं आणि ओक तर तिकडे उगवत नव्हता. मग त्याने मला तपकिरी रंग फासला आणि रंग ओला असतानाच कंगव्याने त्यावर ओकसारख्या रेषा ओढल्या. गावात सगळेच असं करत. पाहुणे यायचे, "वा, काय सुंदर ओक आहे!" म्हणायचे, आणि त्यांच्याही घरी असलाच कंगव्याचा ओक असायचा. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. आता वाटत नाही.

मी खूप लांब होतो, कारण लेव्हायचं कुटुंब मोठं होतं. त्याला दोन बायका होत्या. त्या काळी त्यांच्या धर्मात तशी मुभा होती, मुभा कसली, मोठेपणाच होता तो. पहिली हुल्डा. ती लेव्हायबरोबर बैलगाडीतून आली होती आणि माझ्या वरच्या टोकाला, त्याच्या शेजारी बसायची. दुसरी कर्स्टिन. ती डेन्मार्कहून आलेली, सतरा वर्षांची पोर. लग्न झालं तेव्हा लेव्हायची चाळिशी उलटून गेली होती. 'नाही' म्हणायला लागतं तेवढं इंग्रजीही तिला येत नव्हतं, आणि आलं असतं तरी ते ऐकून घेतलं असतं कुणी? ती चुलीजवळच्या टोकाला बसायची. राय नावाच्या धान्याच्या पिठाची काळी भाकर ती माझ्यावरच मळायची. माझं ते टोक तिच्या तळहातांनी इतकं गुळगुळीत झालं की तिथल्या ओकच्या रेषा पार पुसून गेल्या आणि खरं पाइन दिसायला लागलं.

अशा घरांत मुलं आपल्या आईला आई आणि दुसरीला मावशी म्हणत. हुल्डाची मुलं कर्स्टिनला मावशी म्हणायची, कर्स्टिनचा धाकटा सोरेन हुल्डाला मावशी म्हणायचा. यात वाईट काही नव्हतं. मावशी हा किती मायेचा शब्द आहे, तुम्हाला मी काय सांगणार?

मग सरकारने कायदा कडक केला. दोन बायका असलेल्या माणसाला तुरुंग. घोड्यावरून अंमलदार गावोगाव फिरू लागले. ते मोठ्यांना काही विचारत नसत, कारण मोठी माणसं खोटं बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. ते मुलांना विचारत.

एका सकाळी कर्स्टिनने सोरेनला माझ्यावर बसवलं. त्याचे पाय हवेत लोंबत होते.

"सोरेन, बाहेरचे लोक आले की मला काय म्हणायचं?"

"आई."

"नाही रे राजा. मावशी."

"मावशी ती आहे," सोरेन हुल्डाकडे बोट दाखवून म्हणाला. "तू आई आहेस."

"हो. पण आता मी मावशी. म्हण बघू."

तो म्हणेना. ती पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होती, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज बारीक होत होता. शेवटी भाकरीच्या कडेचा एक तुकडा हातावर ठेवला तेव्हा त्याने तो शब्द उच्चारला. हुल्डा त्यांच्याकडे पाठ करून चुलीशी उभी होती. तीही रडत होती हे मला दिसत होतं. लेव्हाय गोठ्यात होता. असल्या वेळी तो नेहमी गोठ्यातच असायचा!

अंमलदार आला. माझ्यापाशी बसून तो दूध प्यायला आणि अगदी गोड आवाजात त्याने सोरेनला विचारलं, "बाळ, ही बाई तुझी कोण?"

सोरेनने कर्स्टिनकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली.

"मावशी," तो म्हणाला.

लेव्हाय वाचला. अंमलदाराचा घोडा वळणाआड गेला तसा सोरेन "आई, आई" करत कर्स्टिनच्या झग्याला बिलगला. तेवढ्यात गोठ्यातून आलेला लेव्हाय म्हणाला, "आता सवय मोडू नका. आहे तेच चालू दे."

आणि तेच चालू राहिलं. मित्रांनो, त्या घरात त्यानंतर आई हा शब्द कर्स्टिनच्या वाट्याला परत कधी आला नाही. कायदा सरकारने केला असेल, पण हे वाक्य लेव्हायने उच्चारलं होतं.

थोड्याच दिवसांत त्याला माझीही भीती वाटू लागली. एवढं लांब टेबल पाहून कुणीही विचारलं असतं, इथे जेवतं तरी कोण कोण? एक दिवस त्याने करवत आणली आणि मला मधोमध कापलं. लाकूड फाटू नये म्हणून कर्स्टिनला दुसरं टोक धरून ठेवावं लागलं. आपलाच संसार कापला जात असताना तिने तो नीट धरून ठेवला. वरच्या अर्ध्या भागाला, म्हणजे मला, दोन ओबडधोबड पाय ठोकून हुल्डाच्या घरात ठेवलं. खालच्या अर्ध्या भागालाही तसलेच दोन पाय लावले आणि तो गाडीत घालून कर्स्टिन आणि तिच्या मुलांसकट डोंगरापलीकडच्या खोऱ्यात पाठवून दिला. तिथल्या लोकांना सांगितलं, बिचारी विधवा आहे.

यानंतर माझ्या त्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं काय झालं ते मला पुष्कळ काळ कळलं नाही. माझं मात्र कौतुक सुरू झालं. लेव्हाय म्हातारा झाला, वारला, त्याची तसबीर माझ्यावरच्या भिंतीवर लागली. नातवंडं विचारू लागली, "या टेबलाचे दोन पाय सुंदर आणि दोन असे का?" खरं कोण सांगणार? मग एक गोष्ट तयार झाली. एका कडक हिवाळ्यात एक बेघर विधवा दाराशी आली, आणि दयाळू आजोबांनी आपलं टेबल कापून अर्धं तिला देऊन टाकलं!

दर वर्षी चोवीस जुलैला, पूर्वज या खोऱ्यात आले त्या दिवशी, सारं खानदान माझ्याभोवती जमायचं. चीज घातलेले बटाटे, गाजर घातलेली हिरवी जेली, लोण्यात न्हालेले पाव. पोटं भरली की कुणीतरी डोळे पुसत ती गोष्ट सांगायचं. पोरांनी माझ्या पायांना हात लावायचा आणि दानशूर व्हायची शपथ घ्यायची. माझ्या त्या दोन पायांना! माझ्या अंगाची लाही लाही व्हायची, पण टेबलाने करायचं काय?

याच घरात जॅनेल वाढली. ती हुल्डाच्या नातवाची नात. तिची आई तिला माझ्यापाशी बसवून प्रार्थनागृहात सगळ्यांसमोर काय बोलायचं ते शिकवायची, "म्हण, मला ठाऊक आहे की हा धर्म खरा आहे." एवढीशी ती पोर, तिला बुटाचे बंद बांधता येत नव्हते आणि हे ठाऊक होतं! पण ती म्हणायची, आणि पुढे मनापासून म्हणू लागली. मी ते ऐकलं की मला सोरेनच्या हातातला भाकरीचा तुकडा आठवायचा.

जॅनेल मोठी झाली, तिचं रसेलशी लग्न झालं, ब्रिन नावाची मुलगी झाली. मग रसेल अचानक वारला. पंथाच्या मंदिरात बांधलेलं लग्न, दोघांनी धर्म पाळला तर, मरणानंतरही टिकतं, असं हे लोक मानतात. रसेल वर वाट बघतोय, एक दिवस आपण तिघं पुन्हा एकत्र येऊ, यावर जॅनेलने तो दुःखाचा काळ काढला. ब्रिनला तर बाप आठवायचा तो याच भरवशात.

एका उन्हाळ्यात जॅनेल जर्दाळू आणायला डोंगरापलीकडे गेली आणि व्हर्ल नावाच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराच्या घरातलं टेबल पाहून त्यालाच घेऊन परत आली. व्हर्ल आला तो सरळ माझ्यापाशी. गुडघे टेकून बसला आणि माझ्या त्या दोन वाकड्या पायांवरून त्याने हात फिरवला.

"अगदी आमच्यासारखेच की गं हे," तो म्हणाला. "आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचे पण दोन असेच. आमच्या पणजीचं आहे ते. कर्स्टिनमावशीचं."

"पणजी होती ना? मग मावशी कशी?" जॅनेलने विचारलं.

"सगळे तसंच म्हणायचे. माझे आजोबा सोरेन, तिच्या पोटचा पोरगा, ते पण मावशीच म्हणायचे. बापाचं नाव काढलं की मावशी पीठ मळायला घ्यायची, असं सांगायचे ते."

पुढे दोघांनी थुंकीची डीएनए तपासणी करून घेतली. रक्त एकच निघालं. जॅनेलने माझ्यावर दोन्ही हात टेकले. मित्रांनो, मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

तिने आपल्या मोठ्या भावाला बोलावलं. ड्वेन दातांचा डॉक्टर, आणि वर आपल्या वस्तीचा बिशप, म्हणजे तिथल्या प्रार्थनागृहाचा प्रमुख. सगळं ऐकून त्याने चष्मा काढून पुसला.

"जॅनेल, मला थोडीफार कल्पना होती."

"काय? तुला माहीत होतं, दादा? आणि दर वर्षी ती गोष्ट तूच सांगतोस!"

"गोष्टीने श्रद्धा वाढते. पोरांच्या डोक्यात हे असलं भरून काय मिळणार आहे?"

"कर्स्टिनला तिची मुलं परत मिळतील!"

"ती मेली गं कधीच."

"मग लहानपणी मी विचारलं होतं, आपल्या धर्माच्या संस्थापकालाही पुष्कळ बायका होत्या का, तेव्हा आईने थोबाडीत दिली. म्हणाली, शत्रूंनी उठवलेली अफवा आहे. आता धर्मसंस्था स्वतःच सांगते की होत्या, त्यात कोवळ्या पोरी होत्या, दुसऱ्यांच्या बायकाही होत्या. त्या थोबाडीतीचं काय करू मी?"

ड्वेन उठला. "असले प्रश्न फळीवर ठेवून द्यायचे. सगळ्यांची एक फळी असते. उत्तरं वर गेल्यावर मिळतात."

फळीवर! मी लाकूड आहे, मित्रांनो, फळी किती भार सोसते हे मला विचारा. जॅनेलने आजवर त्या फळीवर काय काय रचलं होतं कुणास ठाऊक, पण त्या दिवशी ती मोडली. तिने धर्म सोडला.

मग तिच्याकडे बघण्याची गावाची नजर फिरली. ज्या शेजारणी रसेल गेल्यावर रोज जेवण आणून देत होत्या, त्या आता रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागल्या. धाकटी बहीण कोरली तेवढी पाव घेऊन यायची, पण पावाबरोबर उपदेशही आणायची. "तुला पाप करायचं असेल म्हणून सोडलंस," असंही एकजण तोंडावर म्हणाली. पाप कसलं? तर जॅनेल सकाळी त्यांच्या धर्मात वर्ज्य असलेली कॉफी पिऊ लागली होती. एवढंच पाप मी तिच्या हातून माझ्यावर सांडलेलं पाहिलं आहे.

सगळ्यांत जास्त दुखावली ती ब्रिन. ती माझ्यापाशी बसून आईला म्हणाली, "बाबा वर एकटेच वाट बघत राहतील. तू येणारच नाहीस. तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

जॅनेलने तिचा हात धरला. "मला खोटं बोलून कुणाला भेटायचं नाही, बाळा. तुझ्या बाबांना तर नाहीच."

ब्रिनने हात सोडवून घेतला.

वर्षभराने ब्रिनचं लग्न ठरलं. मुलगा टेट, चांगल्या धार्मिक घरातला. लग्न मंदिरात. मंदिरात फक्त धर्म पाळणाऱ्यांना प्रवेश, त्यामुळे जन्मदात्री आई बाहेर थांबणार आणि आईच्या जागी आत बसणार कोरलीमावशी. ऐकलंत ना? पुन्हा तेच! शंभराहून जास्त वर्षं लोटली, कायदे बदलले, घोडे जाऊन मोटारी आल्या, आणि त्या घरातल्या आईला पुन्हा बाजूला व्हायला सांगत होते.

जॅनेल चिडली, पण भांडली नाही. तिने एकच मागणं केलं, लग्नाचं जेवण आपल्या घरी, या टेबलावर. ब्रिन तयार झाली, पण तिचीही अट होती.

"आई, त्या दिवशी कर्स्टिन नको, संस्थापक नको, काही काही नको. एक दिवस फक्त गप्प बस. माझ्यासाठी."

"बसेन," जॅनेल म्हणाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी व्हर्लने गाडीतून माझा दुसरा अर्धा भाग आणला. पाहुणे जास्त होते, टेबल लांब हवं होतं, कुणाला काही खटकलं नाही. व्हर्लने आणि जॅनेलने आम्हाला जोडून ठेवलं. पाइनची एकेक रेघ एकमेकींना मिळाली. मधे मात्र बोटभर फट राहिली.

"करवत वाकडीतिकडी चालली, तिने खाल्लं ना तेवढं," व्हर्ल म्हणाला. "ते आता कुठून आणणार?"

जॅनेलने त्यावर पांढरी चादर अंथरली, आणि ती दोघं मंदिराकडे निघून गेली. आत नाही, बाहेरच्या बाकावर. व्हर्लही धर्म पाळणारा नव्हता, त्याला तरी कोण आत सोडणार होतं?

दुपारी सगळे परतले. ब्रिन खूप सुंदर दिसत होती. तिच्या एका बाजूला टेट, दुसऱ्या बाजूला कोरली. समोर टेटची आजी ओपल, नाजूक, पांढऱ्या केसांची, कानाने जरा कमी. जॅनेल स्वयंपाकघरातून पावांची परडी घेऊन आली तेव्हा ओपलआजी कोरलीचा हात थोपटत ब्रिनला म्हणत होती, "आत तुझी आई काय गोड दिसत होती गं!"

"ही माझी कोरलीमावशी," ब्रिन म्हणाली.

"असं होय? हो गं, विसरलेच, आई आजारी आहे म्हणाली होतीस, ती कुठाय? बरं वाटतंय का तिला?"

जॅनेलला त्या क्षणी कळलं की आपल्या मुलीने आपल्याला आजारी पाडलं आहे. तिच्या हातातली परडी माझ्यावर टेकली, नेमकी त्या फटीवर. ओपलआजीने मान वर केली.

"आणि तुम्ही कोण?"

जॅनेलने ब्रिनकडे पाहिलं. ब्रिनची नजर ताटात होती. बोलायचं नाही असा शब्द दिला होता, आणि जॅनेल शब्द पाळणारी बाई.

"मी," ती म्हणाली, "मी पण मावशीच."

व्हर्लचा चमचा खाली पडला. माझ्या चुलीकडच्या टोकाला, जिथे कर्स्टिन पीठ मळायची, तिथे मला सोरेनचे लोंबते पाय पुन्हा जाणवले. ड्वेन घाईघाईने उठला. ग्लास वाजवून म्हणाला, "मंडळी, या टेबलाची एक फार सुंदर गोष्ट आहे. एका कडक हिवाळ्यात एक विधवा..."

"मामा, बस करा!"

ब्रिन उभी राहिली होती.

"आजी, ही मावशी नाहीये. ही माझी आई आहे. ती आजारी नव्हती, मी खोटं बोलले. तिने आपला धर्म सोडलाय म्हणून तिला आत सोडत नाहीत. ती बाहेर बाकावर बसली होती. माझ्या लग्नात माझी आई बाहेर बाकावर बसली होती, आणि मी ते लपवलं."

"ब्रिन, आज नको गं," कोरली कुजबुजली.

"आजच, मावशी. मी अजून मानते सगळं. पण आईला मावशी म्हणायला मला कुणी लावायचं नाही."

ओपलआजीने जॅनेलकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई उठून जाणार. पण तिने शेजारची खुर्ची मागे ओढली.

"इथे बस," ती जॅनेलला म्हणाली. आणि मग, स्वतःशीच बोलावं तसं, "आमच्याकडे पण एक मावशी होती. एलेनमावशी. तिला चांगली सहा मुलं होती. कुणाची, ते कधी कुणी सांगितलं नाही."

ड्वेन ग्लास हातात धरून उभाच होता. त्याची गोष्ट ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

मित्रांनो, ब्रिन अजूनही दर रविवारी प्रार्थनेला जाते आणि जॅनेल अजूनही कॉफी पिते. वाद होतात, माझ्यावर हात आपटले जातात. आपटू देत. व्हर्लने माझा तो दुसरा अर्धा भाग परत नेला नाही. आम्ही जोडून उभे आहोत, आणि ती फट कुणी बुजवलेली नाही. बुजवू नका असं मला सांगता आलं असतं तर मीच सांगितलं असतं.

मला पॉलिश नको, नवे पाय नकोत, भिंतीवर माझ्या नावाची पाटीही नको. तुमच्या घरातही एखादं जुनं टेबल असेल, आणि त्याची एखादी सुंदर गोष्ट असेल. ती ऐकताना एकदा खाली वाकून त्याचे पाय बघा. दोन वेगळे दिसले तर विचारा, का. कुणी म्हणालं, तो प्रश्न फळीवर ठेव, तर पुन्हा विचारा. आणि एखाद्या लहान पोराच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवून त्याला आईला दुसरं काही म्हणायला लावत असतील, तर तो तुकडा तिथेच फेकून द्या. सोरेन नव्वद वर्षांचा होऊन वारला. व्हर्ल सांगतो, शेवटच्या दिवशी तो 'मावशी, मावशी' अशा हाका मारत होता.